मुलाला नेमबाजीची रायफल घेताय? आधी मुलाचे माप घ्या, मग रायफलचे

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. त्याआधी २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील अठराव्या वर्षी कैरोमध्ये १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला होता. साहजिकच घराघरांत मुले विचारू लागली, "बाबा, मला पण रायफल घेऊन द्याल?"

वरळी, दादर, परळ भागातल्या पालकांना हा खेळ तसा लांबचा नाही. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज वरळीतच आहे. पण गेल्या दोन वर्षांत दवाखान्यात एक गोष्ट वारंवार दिसते. पालक आधी रायफल घेतात, मग कोच शोधतात आणि मूल कंबर धरून किंवा डोळे चोळत घरी आले की शेवटी डॉक्टरांकडे येतात. खरे तर हा क्रम उलटा हवा. या लेखात आपण तोच क्रम नीट लावणार आहोत.

गावची बंदूक आणि खेळाची रायफल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

आपल्या भागातल्या अनेक कुटुंबांचे मूळ गाव कोकणात आहे. तिथे आजोबांकडे किंवा काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असते. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीला गेल्यावर "नातवाला जरा हात बसू दे" असे म्हणून ती पोराच्या हातात दिली जाते. कृपया असे करू नका. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण वैद्यकीय. ठासणीच्या बंदुकीत दारू अंदाजाने भरली जाते. जुनी, गंजलेली नळी फुटली तर हात, चेहरा आणि डोळे एकाच वेळी जखमी होतात. मोठ्या माणसाच्या मापाची ही बंदूक मुलाच्या खांद्यावर नीट बसत नाही, त्यामुळे तिचा धक्का गळपट्टीच्या हाडाला किंवा गालाला बसतो.

दुसरे कारण कायद्याचे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. अपवाद आहे तो नियमानुसार, देखरेखीखाली चालणाऱ्या प्रशिक्षणाचा. आजोबांचा परवाना आजोबांच्या नावाचा असतो, घरातल्या सगळ्यांचा नसतो.

तिसरे कारण शिकारीचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून आपल्याकडे शिकार हा छंद राहिलेला नाही, तो गुन्हा आहे. परदेशात राहणारे नातेवाईक मुलांसाठी घेतलेल्या शिकारीच्या रायफलींचे फोटो पाठवतात. ते नियम आणि ती परिस्थिती तिथली आहे. आपल्या मुलासाठी योग्य सुरुवात एकच: मान्यताप्राप्त रेंजवर, कोचसमोर, १० मीटर एअर रायफल.

एअर रायफलमध्ये दारू नसते. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. या मापाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणे आहे, असा अर्थ काढू नका. हाच छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

बहुतेक प्रशिक्षक साधारण १० ते १२ वर्षांच्या मुलांना घेतात. वयापेक्षा महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत. मूल सांगितलेली सूचना प्रत्येक वेळी पाळते का? "थांब" म्हटल्यावर लगेच थांबते का? दहा मिनिटे शांत उभे राहू शकते का? या तिन्हींचे उत्तर "हो" असेल तरच पुढे जा.

जर्मनी हा या खेळातला जुना देश. तिथेही क्लबमध्ये एअर रायफल चालवण्याचे नेहमीचे किमान वय १२ वर्षे आहे. त्याहून लहान मुले छर्रा नसलेल्या, प्रकाशकिरणावर चालणाऱ्या रायफलीने सराव करतात.

लवकर सुरुवात न केल्यास मूल मागे पडेल, ही भीती बाळगू नका. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात, एनसीसीमध्ये असताना या खेळात आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. स्वप्नील कुसाळे यांनी २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश घेतला. तिथे आधी वर्षभर शारीरिक तयारी झाली, मग खेळ निवडायचा होता आणि त्यांनी नेमबाजी निवडली. पदक मिळाले तेव्हा ते २८ वर्षांचे होते. आधी शरीर आणि नंतर रायफल, हा क्रम पालकांनी लक्षात ठेवावा.

वजन: पहिली आणि सर्वांत मोठी चूक

आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर रायफलचे वजन जास्तीत जास्त ५.५ किलो असू शकते. मोठ्यांच्या बऱ्याच रायफली ४.५ ते ५ किलोच्या असतात. आता साधा हिशेब करा. ७० किलोच्या प्रौढासाठी ५ किलो म्हणजे शरीराच्या वजनाचा चौदावा भाग. ३५ किलोच्या मुलीसाठी तेच ५ किलो सातवा भाग होतो, म्हणजे ओझे दुप्पट.

उभ्याने रायफल धरताना शरीर मागे आणि थोडे बाजूला कलते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्या मुलाचा डावा कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगड्यांवर टेकतो आणि भार सांगाड्यातून पायांकडे जातो. ही स्थिती मोठ्यांसाठीही एकांगी आहे. वाढत्या वयातल्या मुलाचे पोटाचे आणि पाठीचे स्नायू कच्चे असतील, तर सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर येतो. नेमबाजांमध्ये कंबरदुखी ही नेहमीची तक्रार आहे.

म्हणून:

• लहान मुलांसाठी कमी वजनाची, आखूड दस्त्याची ज्युनिअर रायफल मिळते. क्लबमध्ये ती आहे का, हे आधी विचारा.
• सुरुवातीचे काही महिने रायफल स्टँडवर किंवा टेबलावर टेकवून सराव करू द्या. यात कमीपणा काही नाही. नेम, श्वास आणि ट्रिगर शिकण्याची हीच चांगली पद्धत आहे.
• सुरुवातीला रायफल हातात धरण्याचा वेळ ३० ते ४५ मिनिटांपुरता ठेवा, मध्ये मध्ये बसून विश्रांती द्या.
• आठवड्यातून तीन-चार दिवस सूर्यनमस्कार, पोहणे, धावणे किंवा पोट-पाठीचे व्यायाम हवेतच. फक्त रायफल धरून शरीर तयार होत नाही.
• जाड जॅकेट पाठीला आधार देते, पण स्नायूंचे काम ते करू शकत नाही. मुंबईच्या दमट हवेत त्यात घामही भरपूर येतो, म्हणून पाणी जवळ ठेवा.

रायफल मुलाच्या मापाची करणे

चांगल्या रायफलीचे बरेच भाग मागेपुढे, वरखाली सरकवता येतात. हे काम कोचचे आहे. तरी पालकांना पुढच्या पाच जागा माहीत असाव्यात, म्हणजे योग्य प्रश्न विचारता येतील.

१. दस्त्याची लांबी. ढोबळ तपासणी अशी: कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे मागचे टोक कोपराच्या खोबणीत ठेवा. तर्जनीचे पहिले पेर आरामात ट्रिगरवर यायला हवे. बोट ताणावे लागत असेल तर दस्ता लांब आहे. लांब दस्त्यामुळे मूल आणखी मागे झुकते आणि कंबर दुखते.

२. बट प्लेटची उंची. ही खांद्यावर टेकणारी पट्टी. ती अशी बसवावी की मान सरळ राहील. रायफल डोळ्यांपर्यंत यायला हवी, मान रायफलीपर्यंत वाकायला नको. सरावानंतर मान आखडत असेल तर आधी ही जागा तपासायला सांगा.

३. गालाचा आधार. मुलाला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा, गाल सैल टेकू द्या, मग डोळे उघडायला सांगा. नेमाची खिडकी समोर दिसली तर माप बरोबर. डोके हलवून शोधावी लागत असेल तर गालाचा आधार वर किंवा खाली करायला हवा.

४. तोल. रायफलीचा भार पुढच्या हातावर योग्य ठिकाणी यायला हवा. पुढे जड लागत असेल तर मूल खांदा उचलून भरपाई करते. नळीवरची जादा वजने काढून टाकता येतात.

५. पकड. मनगट वाकडे न करता तर्जनी सरळ मागे यायला हवी. लहान हातासाठी लहान मूठ मिळते.

ही मापे एकदा लावली की झाले, असे नाही. मुलींची उंची साधारण ११ ते १३ आणि मुलांची १३ ते १५ या वयात झपाट्याने वाढते. वर्षाला ८ ते १० सेंटिमीटर वाढ झाली तर जूनमध्ये बसलेले माप दिवाळीपर्यंत चुकते. दर तीन महिन्यांनी मापे तपासा आणि वहीत लिहून ठेवा. महागडी रायफल घाईने न घेण्याचे हेही एक कारण आहे. चांगल्या आयात रायफलीला काही लाख रुपये लागतात. पहिले सहा महिने ते वर्षभर क्लबच्या रायफलीवर काढा. तोपर्यंत मुलाची आवडही खरी किती ते कळेल.

डोळे: चांगला नेम म्हणजे चांगली नजर नव्हे

हा मुद्दा बहुतेक पालकांना माहीत नसतो. रायफलीच्या मागच्या साइटला सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र असते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे छिद्र असलेल्या काळ्या पट्टीतून बघायला लावतात, तसाच हा प्रकार. लहान छिद्रातून बघितले की चष्म्याचा नंबर असलेल्यालाही बरेच स्पष्ट दिसते. त्यामुळे मुलाचा नंबर वाढत असला तरी गुण चांगले येत राहतात आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही. नेमबाजी सुरू करण्याआधी आणि नंतर दरवर्षी बुबुळ मोठे करण्याचे थेंब घालून डोळे तपासून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रमुख डोळा. जसा उजवा किंवा डावा हात असतो, तसा एक डोळा मेंदूच्या पसंतीचा असतो. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायला सांगा आणि त्यातून भिंतीवरचे घड्याळ बघायला लावा. मग एकेक डोळा मिटायला सांगा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीत टिकून राहते, तो प्रमुख डोळा. काही मुलांचा हात उजवा आणि डोळा डावा असतो. अशा वेळी कोणत्या खांद्यावरून शिकायचे हे कोचशी बोलून पहिल्याच आठवड्यात ठरवा. वर्षभरानंतर बाजू बदलणे मुलाला जड जाते.

दुसरा डोळा जोर लावून मिटायची सवय लावू नका. त्याने चेहऱ्याचे स्नायू थकतात आणि नेम धरणाऱ्या डोळ्यावरही ताण येतो. त्या डोळ्यासमोर लहान पांढुरकी पट्टी लावतात, ती नियमात बसते.

रेंजवर पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा घालावा, बघणाऱ्या भावंडांनीही. एअरगनमध्ये लोखंडी गोळ्या कधीच वापरू नका. त्या टणक पृष्ठभागावर आपटून परत येतात.

डोळ्याला छर्रा लागलाच तर डोळा चोळू नका, दाबू नका, पाण्याने धुऊ नका, घरातले थेंब घालू नका. कागदी कपाचा तळ डोळ्यावर न टेकता हलकेच धरून झाका आणि तडक डोळ्यांच्या रुग्णालयात जा. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका. मान, छाती किंवा पोटाला छर्रा लागला तर बाहेरची जखम टाचणीएवढी दिसली तरी रुग्णालयात जा. आत छर्रा किती खोल गेला हे एक्स-रे किंवा सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

कान

एअर रायफलचा आवाज तुलनेने कमी असतो. पण बंद रेंजमध्ये शेजारच्या लेनवर ०.२२ रायफल चालत असेल तर तिचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. असा एकच आवाजसुद्धा कानाच्या आतल्या पेशींना इजा करू शकतो आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. कानांवर बसणारे मफ घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. सरावानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखे वाटत असेल तर कान तपासून घ्या.

शिसे: न दिसणारा धोका

छर्रे शिशाचे असतात. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तात एक डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून तो थांबवावा, असा तिचा सल्ला आहे. एअर रायफलमध्ये हा धोका दारूच्या बंदुकीपेक्षा बराच कमी असतो, पण शून्य नसतो. शिसे प्रामुख्याने हातावरून तोंडात जाते.

• छर्रे तोंडात धरायचे नाहीत. मुले गंमत म्हणून असे करतात.
• रेंजवर वडापाव, चिप्स, काहीही खायचे नाही.
• सराव संपला की साबण आणि पाण्याने हात-तोंड धुवायचे. नुसते सॅनिटायझर पुरेसे नाही, त्याने शिसे निघत नाही.
• टार्गेटमागे साठलेले छर्रे मुलांकडून गोळा करून घ्यायचे नाहीत. ती जागा कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.
• सरावाचे कपडे वेगळे धुवायचे.

शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आतड्यातून शिसे जास्त शोषले जाते. आपल्याकडे वयात येणाऱ्या मुलींमध्ये रक्तक्षय सर्रास आढळतो, म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या. मूल नियमित सराव करत असेल तर रक्तातील शिशाची तपासणी करायची का, हे आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

घरात रायफल ठेवताना

चाळीतल्या खोलीत रायफल ठेवायला जागा नसते आणि नव्या इमारतीतल्या घरात ती बैठकीच्या खोलीत दाखवायला ठेवली जाते. दोन्ही ठिकाणी सुट्टीत चुलत-मावस भावंडे, शेजारची मुले येतात. शक्य असेल तर रायफल क्लबच्या लॉकरमध्येच राहू द्या. घरी ठेवायची असेल तर कुलूपबंद कपाटात, छर्रे दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडे. हवेचा सिलिंडर साधारण २०० बार दाबाचा असतो. त्यावर मुदतीची तारीख असते आणि ती उलटल्यावर तो वापरू नका. गच्चीत, गॅलरीत किंवा गल्लीत सराव करायचा नाही, कबुतरांवरही नाही. रायफल रिकामी आहे असे कुणी सांगितले तरी ती भरलेलीच आहे असे समजून हाताळावे.

घरातले कुणी निराश असेल, "जगून काय उपयोग" असे बोलत असेल, तर बंदूक किंवा एअरगन घरात ठेवूच नका. परीक्षेचे किंवा स्पर्धेचे दडपण असलेल्या किशोरवयीन मुलांनाही हे लागू आहे. मदतीसाठी १४४१६ हा टेली मानस क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे.

पदकाच्या बातमीनंतरची घाई

प्रत्येक मोठ्या पदकानंतर असे होते. बातमीत आपल्याला शेवटची एक तास-दीड तासाची स्पर्धा दिसते. त्यामागची पंधरा वर्षे दिसत नाहीत. मग लाख-दोन लाखांची रायफल घरात येते आणि त्या खर्चाचे ओझे मुलाच्या डोक्यावर बसते. "एवढे पैसे घातले" हे वाक्य एकदा ऐकले की मूल दुखणे लपवायला शिकते. कंबर दुखते असे सांगितले तर सराव बंद होईल, बाबा रागावतील, म्हणून ते गप्प राहते. आमच्याकडे उशिरा येणाऱ्या मुलांमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

रायफलीचा खर्च कमी ठेवला तर मुलावरचे दडपणही कमी राहते. वरळीच्या रेंजवर असो की गावाकडच्या एखाद्या छोट्या क्लबमध्ये, सरावाहून आलेल्या मुलाला "किती गुण पडले?" याआधी "काही दुखत नाही ना?" असे विचारा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• कंबर किंवा मान दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल
• पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा वाटत असेल
• पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू वर आलेली दिसत असेल किंवा खांदे वरखाली दिसत असतील
• डोके दुखणे, दोन-दोन दिसणे, टीव्ही जवळून बघणे
• कानात आवाज येणे, बोललेले पुन्हा विचारणे
• पोटदुखी, चिडचिड, अभ्यासात अचानक घसरण

मणक्याचा बाक, फिट्स, दमा किंवा डोळ्याची जुनी शस्त्रक्रिया असेल तर खेळ सुरू करण्याआधीच डॉक्टरांना भेटा. बऱ्याच मुलांना थोडे बदल करून खेळता येते.

थोडक्यात

आधी डोळे, पाठ, कान आणि हिमोग्लोबिन तपासा. मग कोच निवडा. वर्षभर क्लबच्या हलक्या रायफलीवर, टेकू घेऊन सराव होऊ द्या. त्यानंतरही मुलाची आवड टिकली, तर त्याच्या त्या वेळच्या मापाने रायफल घ्या आणि दर तीन महिन्यांनी ती पुन्हा जुळवून घ्या.